मागणीनुसार आणलेली जावास्क्रिप्ट फाइल : ऑनलोड येतो, पण फंक्शन सापडत नाही

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. नोंदी भरणे, त्या शोधणे आणि महिनाअखेरीस अहवाल काढणे एवढेच काम करणारे एक अंतर्गत वेब ॲप्लिकेशन मी सांभाळतो. काळाच्या ओघात त्यात आलेख आले, एक्सेलमध्ये निर्यात आली, पीडीएफ आले, आणि प्रत्येक सोयीबरोबर एकेक लायब्ररी पानाच्या तळाशी चिकटत गेली. आता पहिले पान उघडताना कॉम्प्रेस केलेली असूनही सुमारे १.१ एमबी जावास्क्रिप्ट उतरते, आणि त्यातला मोठा भाग अशा बटणांसाठी असतो, जी बहुतेक जण दिवसभरात एकदाही दाबत नाहीत. आमच्याकडे बिल्डची पायरी नाही. फाइली जशा लिहितो तशाच सर्व्हरवर जातात.

म्हणून मी एक छोटे फंक्शन लिहिले. ते स्क्रिप्ट टॅग तयार करते, त्याला फाइलचा पत्ता देते, टॅग पानाच्या हेडमध्ये जोडते आणि ऑनलोड (फाइल आल्याचा ब्राउझरचा इशारा) आला की कॉलबॅक, म्हणजे पुढे चालवायचे फंक्शन, चालवते. माझ्या संगणकावर सारे सुरळीत चालले, पण वापरात आल्यावर तीन अडचणी निघाल्या.

बटण घाईने दोनदा दाबले की फाइल दोनदा चालते, आणि आलेखाच्या लायब्ररीत आधी नोंदवलेले प्लगइन पुसले जाते. त्यावर उपाय म्हणून मी ‘मागवली आहे’ असा एक फ्लॅग ठेवला, तर दुसरी क्लिक फाइल आलीच आहे असे समजून पुढे जाते आणि फंक्शन अस्तित्वात नाही म्हणून कोसळते. दुसरी अडचण क्रमाची आहे. आलेखाची मूळ लायब्ररी आणि तिचे प्लगइन हे दोन टॅग मी लूपमध्ये योग्य क्रमानेच जोडतो, तरीही संथ जोडणीवर प्लगइन आधी चालून मूळ लायब्ररी नाही अशी तक्रार करते.

तिसऱ्या अडचणीने मात्र मला खरोखर चकवले आहे. कधी कधी ऑनलोड येतो, नेटवर्क पॅनेलमध्ये त्या फाइलसमोर २०० (यशस्वी) दिसते, पण फाइलमधले फंक्शन सापडत नाही. ऑनएरर (फाइल न मिळाल्याचा इशारा) जोडलेला आहे, पण तो एकदाही आला नाही. हे बहुतेक वेळा आम्ही नवी आवृत्ती चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घडते, आणि तेही रात्रभर टॅब उघडा ठेवणाऱ्यांकडेच.

हा लोडर दुरुस्त करत बसावे, की ब्राउझरच्या इम्पोर्ट() या मागणीनुसार फाइल आणणाऱ्या अंगभूत सोयीकडे वळावे, की आता वेबपॅक किंवा व्हीटसारखा बंडलर (कोडच्या फाइली एकत्र बांधणारे साधन) आणावाच, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

सांधेजोड

तिन्ही अडचणींची मुळे वेगवेगळी आहेत, त्यामुळे त्या वेगवेगळ्याच सोडवाव्या लागतील.

क्रमाचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. एचटीएमएलमध्ये हाताने लिहिलेले साधे स्क्रिप्ट टॅग लिहिलेल्या क्रमाने चालतात. परंतु जावास्क्रिप्टने तयार करून जोडलेला टॅग आपण काही न सांगताही एसिंक मानला जातो, म्हणजे जी फाइल आधी पोहोचेल ती आधी चालते. टॅग जोडण्यापूर्वी त्याचा एसिंक हा गुणधर्म फॉल्स केला, तर फाइली एकाच वेळी उतरतात, पण चालतात जोडल्याच्या क्रमाने. यात एक मेख आहे. मूळ लायब्ररी मिळालीच नाही, तर तिच्या मागचे प्लगइन थांबून राहत नाही. रांगेतली एक फाइल गळाली तरी पुढच्या चालतातच. त्यामुळे एक फाइल दुसरीवर खरोखर अवलंबून असेल, तर पहिलीची वाट पाहून मगच दुसरी मागवणे, किंवा निदान पहिली फसली तर सगळेच फसले असे धरणे, हे तुमच्या कोडलाच करावे लागेल.

फ्लॅगची गफलत मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती जवळजवळ प्रत्येक घरगुती लोडरमध्ये असते. फाइलच्या अवस्था दोन नसून तीन आहेत : मागवलेली नाही, वाटेत आहे, आणि आलेली आहे. हो-नाही सांगणाऱ्या फ्लॅगमध्ये मधली अवस्था मावत नाही, आणि तुमची दुसरी क्लिक नेमकी त्याच अवस्थेत येऊन पडते. फ्लॅगच्या जागी प्रॉमिस, म्हणजे पुढे मिळणाऱ्या निकालाची जणू पावती, साठवा. फाइलचा पत्ता ही किल्ली आणि प्रॉमिस ही किंमत असा एक मॅप ठेवावा. फंक्शनला बोलावले की त्याने आधी मॅपमध्ये पाहावे, तिथे प्रॉमिस असेल तर तेच परत द्यावे, नसेल तर नवे तयार करून कुठेही अवेट करण्याच्या (निकालाची वाट पाहण्याच्या) आत मॅपमध्ये टाकावे. मग बटण दहादा दाबले तरी दहाही क्लिक एकाच प्रॉमिसवर थांबतात आणि फाइल एकदाच चालते. प्रॉमिस नाकारले गेले, तर ती नोंद मॅपमधून काढायची आणि फसलेला टॅगही काढून टाकायचा. ही शेवटची ओळ हमखास राहून जाते, आणि मग क्षणभर नेटवर्क गेले की पान पुन्हा उघडेपर्यंत ते बटण मेलेले राहते.

आता तुमचा चकवा. ऑनलोड याचा अर्थ ‘फाइल मिळाली आणि ती चालवून पाहिली’ एवढाच असतो. आतल्या कोडने अपवाद फेकला, किंवा व्याकरणाची चूक असल्यामुळे फाइल वाचताच आली नाही, तरी लोड हा इव्हेंट येतोच. एरर हा इव्हेंट फाइल मिळवताच आली नाही तेव्हाचा आहे. त्यामुळे पुढच्या वेळी नेटवर्क पॅनेलमधल्या त्या २०० वर न थांबता उत्तराचा मजकूर उघडून पाहा. माझा अंदाज असा, की तिथे जावास्क्रिप्ट नसून एचटीएमएल असेल. अनेक सर्व्हर अनोळखी पत्त्यावर ४०४ न देता ॲप्लिकेशनचे मुख्य पान देतात, ब्राउझर ते जावास्क्रिप्ट समजून वाचू लागतो, पहिल्याच कोनी कंसाला अडखळतो, कन्सोलमध्ये अनपेक्षित चिन्हाची तक्रार टाकतो आणि तुम्हाला ऑनलोड पाठवून मोकळा होतो.

सर्व्हरने ‘नोस्निफ’ हे हेडर पाठवले, तर ब्राउझर एचटीएमएल प्रकारचे उत्तर स्क्रिप्ट म्हणून चालवायला नकार देतो आणि मग तुमचा ऑनएरर येतो. ते हेडर तर लावाच, पण ऑनलोड आल्यावर अपेक्षित नाव खरोखर जागेवर आहे का, हेही लोडरने तपासावे आणि नसेल तर प्रॉमिस नाकारावे.

रिकामीजागा

थोडा विरोधी सूर लावतो. १.१ एमबीमध्ये कोणाचा वाटा किती, हे मोजले आहे का? क्रोमच्या डेव्हलपर साधनांत कव्हरेज नावाचे पॅनेल आहे. पान उघडून रोजचे काम करून पाहिले, की प्रत्येक फाइलचा किती भाग प्रत्यक्ष चालला ते तिथे दिसते. माझ्या अनुभवात अशा ॲप्लिकेशनमध्ये दोन-तीन लायब्ऱ्यांनीच बहुतेक जागा अडवलेली असते. तेवढ्याच मागे टाका, म्हणजे मागणीनुसार आणा, उरलेल्यांना डिफर (पान वाचून झाल्यावर चालवा, अशी टॅगवरची खूण) लावा आणि कॅशेची मुदत वाढवा. वापरणारी माणसे रोज तीच असतील, तर फाइल दुसऱ्या दिवशी उतरतच नाही. मागे टाकलेली प्रत्येक फाइल म्हणजे कामाच्या मध्यावर फसू शकणारी एक नवी विनंती असते, आणि ते ओझे फुकट उचलू नये.

अर्धविराम

दोघांचेही आभार. आज सकाळी एका सहकाऱ्याच्या संगणकावर तो चकवा प्रत्यक्ष पाहायला मिळाला. उत्तरात एचटीएमएलच होते, पण आमचे मुख्य पान नव्हते. लॉगिनचे पान होते!

घडत होते ते असे. आमचा स्क्रिप्टचा फोल्डरही लॉगिनच्या आड आहे. आवृत्ती चढवताना सर्व्हर पुन्हा सुरू होतो आणि सगळी सत्रे पुसली जातात. सकाळी उघड्याच असलेल्या टॅबमध्ये निर्यातीचे बटण दाबले, की फाइलची विनंती ३०२ ने लॉगिनच्या पानाकडे वळते आणि ते पान २०० देते. मी पॅनेलमधली फक्त शेवटची ओळ पाहत होतो. तिच्या वरची ३०२ ची ओळ कधी लक्षातच आली नाही. पूर्वी सगळ्या फाइली पानाबरोबरच येत असल्यामुळे हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता.

आता फाइलींचा फोल्डर लॉगिनच्या बाहेर काढला आहे, कारण त्यात गोपनीय असे काही नाही. कव्हरेजही पाहिले, आलेख आणि एक्सेल या दोन लायब्ऱ्याच मिळून निम्म्याहून अधिक निघाल्या. प्रॉमिसचा मॅपही चालू आहे. तरीही बिल्डची पायरी न आणता इम्पोर्ट() वापरता येत असेल, तर हा घरगुती लोडर ठेवण्यात अर्थ आहे का?

चौकट

वापरता येते, आणि शक्य असेल तिथे वापरावेच. इम्पोर्ट() हे ईसीएमएस्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रमाणाच्या, २०२० च्या आवृत्तीत प्रमाणित झाले. क्रोममध्ये ते २०१७ पासून, सफारीमध्ये २०१८ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०१९ पासून आहे. त्यासाठी सगळे कोड मॉड्यूलमध्ये (आपली नावे आपल्यापुरती ठेवणाऱ्या फाइलींत) बदलावे लागत नाही, साध्या स्क्रिप्टमधूनही त्याला बोलावता येते. एकाच पत्त्याचे मॉड्यूल कितीही वेळा मागवले तरी एकदाच चालते, अवलंबित्व फाइलीच्या आतच लिहिलेले असल्याने क्रम ब्राउझर सांभाळतो, आणि मॉड्यूलच्या बाबतीत उत्तराचा प्रकार जावास्क्रिप्ट नसेल तर ब्राउझर ते सरळ नाकारतो. तुमचे लॉगिनचे पान इथे पहिल्याच दिवशी पकडले गेले असते. शिवाय चालताना फेकलेला अपवादही तुमच्या प्रॉमिसपर्यंत पोहोचतो.

मात्र जुन्या लायब्ररीचा पत्ता उचलून थेट इम्पोर्ट() मध्ये टाकू नका. मॉड्यूलमध्ये स्ट्रिक्ट मोड (भाषेचे अधिक कडक नियम) आपोआप लागू असतो, सर्वांत वरच्या पातळीवरचा धिस अनडिफाइन्ड असतो आणि तिथे व्हारने घोषित केलेले नाव विंडोवर जात नाही. धिस म्हणजे विंडोच, असे गृहीत धरणारी लायब्ररी पहिल्याच ओळीत पडते. लायब्ररीने मॉड्यूल स्वरूपातली स्वतंत्र फाइल दिली असेल तर ती घ्यावी. दिली नसेल, तर तेवढ्या एका फाइलसाठी स्क्रिप्ट टॅगचा लोडर ठेवण्यात कमीपणा नाही. आमच्याकडे आजही दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

पत्त्यांचाही घोळ होतो. स्क्रिप्ट टॅगला दिलेला सापेक्ष पत्ता पानाच्या संदर्भात वाचला जातो, तर इम्पोर्ट() ला दिलेला पत्ता ज्या फाइलमध्ये तो लिहिला आहे तिच्या संदर्भात. लोडर बदलताना फाइली अचानक सापडेनाशा होतात त्या बहुधा यामुळेच.

फसलेल्या विनंतीबद्दल सावध राहा. प्रमाणानुसार ब्राउझर मॉड्यूलांची एक नोंदवही ठेवतो, आणि काही ब्राउझर त्यात अपयशही नोंदवतात. म्हणजे नेटवर्क परत आल्यावर त्याच पत्त्याने पुन्हा इम्पोर्ट() केले तरी नवी विनंती न जाता जुनेच अपयश परत मिळते. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन एखादा आकडा जोडला की विनंती नव्याने जाते, म्हणून बरेच जण तसे करतात. पण ब्राउझरच्या दृष्टीने तो वेगळा पत्ता, म्हणजेच वेगळे मॉड्यूल असते. मॉड्यूल आपल्या पोटात काही स्थिती साठवत असेल आणि तेच मॉड्यूल दुसऱ्या फाइलीने मूळ पत्त्याने घेतलेले असेल, तर एकाच गोष्टीच्या दोन प्रती तयार होतात, आणि एकीतला बदल दुसरीला कळत नाही. निर्यातीसारख्या स्थिती न ठेवणाऱ्या कामाला ही युक्ती चालते, बाकी ठिकाणी जपून.

रात्रपाळी

पुढेमागे वेबपॅक किंवा व्हीट आणणार असाल, तर त्याआधी आवृत्ती चढवण्याच्या पद्धतीबद्दल थोडे लिहितो, कारण आम्ही यात पोळलो आहोत.

बंडलर सहसा प्रत्येक चंकच्या (कोडच्या तुकड्याच्या) नावात मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे ओळखीचा ठसा, घालतो. मजकूर बदलला की नाव बदलते, त्यामुळे अशा फाइलींना वर्षभराची कॅशे निर्धास्तपणे देता येते; फक्त मुख्य एचटीएमएल दर वेळी सर्व्हरला विचारून घ्यायचे. पण काल उघडलेल्या टॅबला कालचीच नावे ठाऊक असतात. एका ठिकाणी आमची चढवण्याची स्क्रिप्ट आधी फोल्डर पूर्ण रिकामा करत असे. त्याच सुमारास कोणीतरी, बहुधा मीच, चंक मिळाला नाही तर पान आपोआप पुन्हा उघडावे, अशी सोय करून ठेवली होती. एका वापरकर्तीने चार पायऱ्यांचा लांबलचक अर्ज भरला, शेवटच्या पायरीचा चंक मागवला गेला, तो तोपर्यंत पुसला गेला होता, आणि आमच्या त्या सोयीने पान पुन्हा उघडून तिचा भरलेला अर्ज तिच्या डोळ्यांदेखत कोरा केला. दोन्ही निर्णय सुटे पाहिले तर शहाणपणाचे वाटतात.

त्यानंतर आम्ही जुने चंक काही आठवडे सर्व्हरवर तसेच राहू देतो. जागा कितीशी लागते? चंक फसला आणि पानावर न साठवलेला मजकूर नसेल, तरच पान आपोआप उघडतो, आणि तेही एकदाच. त्याची खूण सेशन स्टोरेजमध्ये ठेवतो, नाहीतर खरोखरच हरवलेल्या फाइलपायी पान गोल गोल फिरत राहते. न साठवलेला मजकूर असेल, तर ‘नवी आवृत्ती आली आहे, आपले काम साठवून पान पुन्हा उघडा’ असा संदेश दाखवून निर्णय वापरणाऱ्यावर सोडतो. हे अपयश पकडणे अवघड नाही : वेबपॅकमध्ये ते चंकलोडएरर या नावाने येते, तर व्हीटमध्ये त्यासाठी विंडोवर प्रीलोडएररचा स्वतंत्र इव्हेंट मिळतो. वेबपॅक फसलेल्या चंकची नोंद स्वतःच पुसतो, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करता येतो; परंतु रिॲक्टमध्ये लेझी (घटक मागणीनुसार आणण्याची सोय) वापरले असेल, तर ते नाकारलेले प्रॉमिस धरून बसते आणि तो घटक नव्याने घोषित करावा लागतो.

अर्धविराम, तुमच्याकडे आज हॅश नाहीत, म्हणजे तुमचा धोका याच्या उलट आहे. जुने पान नवीच फाइल उचलेल. निर्यातीच्या फंक्शनला तुम्ही काल तिसरा पॅरामीटर जोडला असेल, तर जुने पान त्याला दोनच देईल आणि कुठेही तांबडी ओळ न दिसता चुकीची एक्सेल फाइल तयार होईल. मिळालीच नाही अशी फाइल निदान आरडाओरडा करते. बिल्डची पायरी आणायची नसेल, तर निदान प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा फोल्डर ठेवा आणि पानाला त्याच्याच आवृत्तीचा फोल्डर सांगा.

अर्धविराम

रात्रपाळी, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून मी लगेच जुन्या तक्रारी चाळल्या. ‘एक्सेलमध्ये एक रकाना रिकामा आला, नंतर आपोआप बरोबर आला’ अशा दोन तक्रारी सापडल्या, आणि दोन्ही आवृत्ती चढवल्याच्या दिवसाच्या आहेत. तेव्हा आम्ही त्या ‘पुन्हा घडले नाही’ म्हणून बंद केल्या होत्या. आवृत्तीनिहाय फोल्डर आजपासून सुरू केले.

निर्यात आता इम्पोर्ट() वर आहे, आलेखाची लायब्ररी जुनी असल्यामुळे तिच्यासाठी प्रॉमिसवाला लोडर ठेवला आहे. एक नवीच गोष्ट मात्र पुढे आली. ‘छापा’ हे बटण पीडीएफची फाइल मागवते आणि ती आली की नव्या खिडकीत पीडीएफ उघडते. क्रोममध्ये पहिल्यांदाही उघडते. सफारीमध्ये पहिल्यांदा काहीच होत नाही, दुसऱ्यांदा दाबले की उघडते. कन्सोलमध्येही काही दिसत नाही.

चौकट

वापरणाऱ्याने क्लिक केली म्हणून ब्राउझर नवी खिडकी उघडू देतो, पण ती मुभा थोड्याच वेळापुरती असते आणि किती वेळ हे प्रत्येक ब्राउझर आपापले ठरवतो. सफारी याबाबत अधिक काटेकोर आहे. तुमची फाइल पोहोचेपर्यंत मुभा संपते आणि खिडकी गुपचूप अडवली जाते. दुसऱ्या वेळी फाइल आधीच आलेली असल्याने विलंब नसतो.

क्लिक होताच, काहीही अवेट करण्याच्या आधी, रिकामी खिडकी उघडा आणि तिचा संदर्भ धरून ठेवा; फाइल येऊन पीडीएफ तयार झाले की त्याचा पत्ता त्या खिडकीला द्या, आणि फाइल फसली तर खिडकी बंद करून मूळ पानावर संदेश दाखवा. त्याच्या जोडीला, बटणावर पॉइंटर येताच किंवा कीबोर्डने त्यावर फोकस जाताच फाइल मागवायला सुरुवात करा. हात बटणावर स्थिरावून क्लिक होईपर्यंत थोडा वेळ फुकटच मिळतो, आणि पुष्कळदा तेवढ्यात फाइल पोहोचते. ही आगाऊ विनंती फसली तर त्याबद्दल वापरणाऱ्याला काही दाखवू नका, त्याने अजून काही मागितलेलेच नाही. पण तिचे नाकारलेले प्रॉमिस कॅचने गिळायला विसरू नका, नाहीतर न हाताळलेल्या प्रॉमिसच्या तक्रारींनी तुमचा लॉग भरून जाईल.

अर्धविराम

रिकामी खिडकी आधी उघडण्याने काम झाले. फोकसवर आगाऊ मागवणे फक्त निर्यात आणि छापा या दोन बटणांना लावले आहे. लॉग भरून गेलाच होता. कॅच आत्ता जोडला.